आखाजीचं टाकलेलं पान

चैत्र सरत आला की नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरामागे खापर तापायला लागतं. खापर म्हणजे मोठ्या घागरीसारखं मातीचं भांडं, चुलीवर पालथं घातलेलं. त्यावर आमच्या सटाणा-मालेगावाकडचे पुरणाचे मांडे होतात. माझी लेक अलका पिठाचा गोळा दोन्ही हातांवर घेते, या हातावरून त्या हातावर झुलवते, आणि तो पार कोपरापर्यंत पसरला की अलगद खापरावर टाकते. पहिला मांडा पडला की जो वास सुटतो ना, तो नाकात नाही जात, सरळ छातीत जातो. मग मी कॅलेंडर बघत नाही. आखाजी आली.

शहरातली माणसं तिला अक्षय्य तृतीया म्हणतात आणि सोनं घेतात. आमच्याकडे आखाजीला पितरांची घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, माहेरी आलेल्या लेकींनी निंबाला झोके बांधायचे, आणि बाप्यांनी पत्ते खेळायचे. वर्षभर जो माणूस पत्त्याला हात लावत नाही, बायकोला घाबरतो, देवाला घाबरतो, तोसुद्धा आखाजीला खेळतो. त्या दिवसांत त्याला कोणी नावं ठेवत नाही. हे पाप नाही, सण आहे. ज्याला पटत नसेल त्याने आमच्या गावाला यायचं नाही.

इथे सिडकोतही आमच्या सटाणा-मालेगावाकडची, कसमादेची माणसं भरपूर. बागेत गुलमोहराखाली सतरंजी टाकून तीन पानी बसतात. कालपासून बसलेत. मी काठी टेकत गेलो, बाकावर बसलो आणि बघत राहिलो. शर्टाच्या खिशात मोबाइल, बोटात अंगठ्या, आणि एकालाही पान टाकता, म्हणजे वेळेवर डाव सोडता, येत नाही. हातात दुरी, पंजी, नव्वी, तीन रंगांची तीन पानं, तरी गडी पैसे लावत चाल टाकतोच आहे. मी म्हटलं, "अरे, ठेव की खाली."

तो म्हणाला, "बाबा, पॅक करायला काय बसलोय का इथं? खेळायला बसलोय."

याला कोण सांगणार, की पान टाकणं हाही खेळच आहे. किंबहुना तोच खेळ आहे. पान वाटणारा वाटतो, त्यात आपला काही हात नाही. चांगलं पान आलं तर गाढवसुद्धा जिंकतं. माणूस ओळखायचा तो पान खाली ठेवताना. कधी ठेवतो, कसं ठेवतो, ठेवल्यावर तोंड कसं करतो. मी चौथीपर्यंत शाळा पाहिली, पाचवीच्या मास्तरांशी माझं पटलं नाही. पण ही एक विद्या मला आली, आणि ती मला कोणी शिकवली नाही. आमच्या गावच्या निंबाखाली मी वर्षानुवर्षं बसलो आणि पहिल्याच फेरीत पान टाकणारा म्हणून मला लोक हसायचे. संध्याकाळी मात्र चिंचोक्यांचा ढीग माझ्याच पुढे असायचा.

हो, चिंचोके. आमच्या निंबाखाली पैसा चालत नव्हता. दुसऱ्या गावांत काय चालायचं ते त्यांचं त्यांना माहीत. आमच्याकडे चिंचोके, आणि शेवटी फेटा.

फेट्याचं सांगायलाच पाहिजे. आखाजीच्या संध्याकाळी ऊन निंबाच्या बुंध्याशी आलं की शेवटचा डाव वाटायचा. गळत गळत त्या डावात दोघंच उरले, की त्यांच्यात जो हरेल त्याने स्वतःच्या डोक्यावरचा फेटा सोडायचा आणि जिंकणाऱ्याच्या डोक्याला बांधायचा. मग हलगी वाजायची, जिंकणारा मिरवायचा, आणि हरणारा उघड्या डोक्याने घरी जायचा. आमच्याकडे उघडं डोकं म्हणजे काय, ते आताच्या पोरांना कळणार नाही. बाप मेल्यावर उघडं डोकं. म्हणून जो तो आधीच्या फेरीत पान टाकून मोकळा व्हायचा. आधी टाकलं तर काही जात नाही. शेवटच्या दोघांत सापडलास, तर डोकं पणाला.

पण हरणाऱ्यालाही एक मान होता. ज्याचा फेटा गेला त्याने जिंकणाऱ्याला एक गोष्ट मागायची, आणि फेटा डोक्यावर असताना जिंकणाऱ्याने 'नाही' म्हणायचं नाही. याला आम्ही 'निंबाचा शब्द' म्हणायचो. बहुतेक थट्टेचंच मागणं असायचं. माझा मित्र दगाभाऊ एकदा हरला तर म्हणाला, "उद्या माझा बैल तू धुवायचा, आणि धुताना त्याच्याशी माझ्याबद्दल चांगलं बोलायचं." जिंकणाऱ्याने धुतला. बोललासुद्धा. सगळं गाव विहिरीवर ऐकायला गेलं होतं.

दगाभाऊ म्हणजे तोंडाचा फाटका, मनाचा धड. माझ्या उजव्या हाताला बसायचा. मी पान न उचलता आधी चौघांच्या तोंडाकडे बघायचो तर तो डिवचायचा, "काय रे, तू पान देखस का तोंड देखस?"

"पान पळून जात नाही," मी म्हणायचो. "तोंड जातं."

आणि माझ्या पाठीशी अलका. फ्रॉकातली होती तेव्हापासून. झोक्यावर मुली रांग लावून भांडत असायच्या आणि ही माझ्या पाठीला टेकून, माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून पानं बघायची. निंबाच्या मोहराचा कडवट वास, वरून झोक्याच्या दोराचं करकरणं, आणि मानेवर तिचा गरम श्वास. चांगलं पान आलं की तिचा श्वास थांबायचा. मला त्याची भीती वाटायची. समोरचा तिच्याकडे बघून ओळखेल. मग मी तिला शिकवलं, "पान कसंही असो, श्वास सारखा." शिकली. इतकी शिकली, की पुढे मोठेपणी तिच्या तोंडावरून मलाही काही कळेनासं झालं.

तिला भाऊ नाही. म्हणून लग्नानंतर आखाजीला तिला माहेरी आणायला मुऱ्हाळी मीच जायचो. बाप मुऱ्हाळी जातो म्हणून लोक हसायचे. हसू द्या. सासर मालेगावच्या पुढे, बऱ्या घरातलं. जावई सुरतेला कापडाच्या कामात. सासरा आप्पा, गावातला मोठा माणूस, मिशा तेल लावून वळवलेल्या, बोलताना आधी खाकरणार आणि मग आजूबाजूला बघणार, सगळे ऐकतायत ना.

ज्या आखाजीचं मी सांगतोय ते साल म्हणजे, नव्वद उलटून बरीच वर्षं झाली होती, गावात नुकताच फोन आला होता. मी अलकाला आणायला गेलो. ती तयारच होती. एका हातात पिशवी, आणि कडेवर, लेकरू घ्यावं तसं, धडप्यात बांधलेलं खापर.

लग्नात तिच्या आईने रुखवतात दिलेलं ते खापर. एसटीत ती पूर्ण रस्ता ते मांडीवर धरून बसली. खड्डा आला की दोन्ही हातांनी कवटाळायची. चार दिवसांच्या सणाला येणारी लेक खापर घेऊन येत नाही. मी खापर सोडून तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. पान न बघता तोंड बघायची सवय.

घरी आल्यावर तिने खापर चुलीशेजारी ठेवलं, पाणी प्यायली, आणि आम्हा दोघांना समोर बसवलं. म्हणाली, "अण्णा, मी आता परत जात नाही."

तिच्या आईने कपाळावर हात मारला. मी म्हटलं, "काय झालं?"

"सुरतला त्यांचं दुसरं घर आहे. बाई आहे, लेकरू आहे. माझ्या लग्नाच्या आधीपासून. आप्पांना माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. त्यांना घर राखायला सून पाहिजे होती."

"पुरुषाची जात," तिची आई रडत म्हणाली. "येईल गं ठिकाणावर. अजून थोडं धर."

अलका रडली नाही. श्वास सारखा. माझ्याकडे बघून म्हणाली, "इतकी वर्षं ब्लाइंड खेळले, अण्णा. पान न बघता चाल टाकत राहिले. आता पान बघितलं. यात काही नाही. किती चाल टाकायची?"

आयुष्यभर निंबाखाली ज्याला त्याला मी हेच सांगत होतो. हातात काही नाही, हे कळल्यावर पुन्हा चाल टाकणारा माणूस शूर नसतो. तो फक्त उठायला लाजत असतो. माझ्या लेकीला उठायची लाज वाटली नाही. मला तिचा अभिमान वाटला. तोंडाने मात्र मी एवढंच म्हटलं, "खापर तिथं नको ठेवू, पाय लागेल. कोनाड्यात ठेव."

तिच्या आईला कळलं की माझा निर्णय झाला. माझा निर्णय झाला की ती वाद घालत नसे, फक्त भांडी जोरात आपटायची. त्या दिवशी भांडी बरीच आपटली.

आखाजीला सकाळीच जीप आली. आप्पा आणि त्यांचे चार भाऊबंद. जावई नव्हता. ओट्यावर बसले, पन्हं प्याले, आणि आप्पा खाकरले. "व्याही, सून घ्यायला आलोय. सण झाला."

"सण संध्याकाळपर्यंत आहे," मी म्हटलं. "आणि ती येणार नाही."

मग दुपारपर्यंत तेच. ते म्हणायचे 'पाठवा', मी म्हणायचो 'नाही'. गावातली जुनी माणसं मध्ये पडली, थकली, जेवून आली, पुन्हा मध्ये पडली. मी सुरतेचं नाव काढलं तर आप्पा आभाळाकडे बघत. घरात अलका खापरावर मांडे टाकत होती. तिच्या हातांचा आवाज बाहेर येत होता, थप, थप. एकही चुकत नव्हता.

मी बोलत कमी होतो आणि आप्पांकडे बघत जास्त होतो. आणि हळूहळू मला एक गोष्ट दिसायला लागली. सकाळपासून या माणसाने अलकाचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. 'आमचं गाव काय म्हणेल,' 'भाऊबंदांसमोर मी काय तोंड दाखवू,' 'मी रिकाम्या हाताने परत गेलो तर…' सगळं असंच. याला सून नको होती. याला रिकाम्या हाताने जायचं नव्हतं. ओट्यावरून निंब दिसतो. तिथे डाव रंगला होता, कोणीतरी ओरडलं 'फेटा, फेटा,' आणि आप्पांची मान आपोआप तिकडे वळली. डोळे चमकले. तेवढं मला पुरे झालं.

"आप्पा," मी म्हटलं, "बोलून बोलून घसा सुकला. आखाजी आहे. दोन डाव बसू. मग बघू."

दगाभाऊने जागा करून दिली. हसत हसत त्याने पाहुण्यांना रीत सांगितली. चिंचोके, फेटा, आणि निंबाचा शब्द. आप्पा म्हणाले, "आमच्याकडे हरणाऱ्याला काही नसतं."

"आमच्याकडे असतं," दगाभाऊ म्हणाला. "नाहीतर हरायला कोण बसेल?"

सगळे हसले. आप्पाही हसले. "कबूल," म्हणाले. त्यांना हरायचं नव्हतंच.

खेळाडू म्हणून माणूस वाईट नव्हता, पण जोरात खेळायचा. पान खराब असलं की आवाज वाढायचा. तासाभरात मी त्यांना पूर्ण वाचलं. दुपार कलली. झोक्यावरच्या लेकी गात होत्या, हवेत तापलेल्या मातीचा आणि डांगराचा गोड वास होता. ऊन बुंध्याशी आलं. शेवटचा डाव वाटला गेला.

दोघांनी पहिल्याच फेरीत टाकलं. दगाभाऊने एक चाल टाकली, माझ्याकडे बघितलं, टाकून दिलं. उरलो मी आणि आप्पा. गाव गोळा झालं. आप्पांचा आवाज वाढला होता. "या व्याही, या! चाल!"

म्हणजे त्यांच्याकडे फारसं काही नव्हतं. मी माझी पानं उचलली, हळूच फाकवली. राजा. राजा. राजा.

तीन पानीत तीन राजांच्या वर फक्त तीन एक्के. आयुष्यभर निंबाखाली बसलो, असं पान माझ्या हातात कधी आलं नव्हतं. आणि तेवढ्यात मानेवर गरम श्वास लागला. अलका पन्ह्याचा गडवा घेऊन मागे येऊन उभी होती. दुसरी कोणी लेक अशी बापाच्या पाठीशी येऊन उभी राहिली असती तर गाव बोललं असतं, पण ती लहानपणापासून उभी राहायची, कोणाला नवल वाटलं नाही. तिने पानं पाहिली. श्वास सारखा. जराही थांबला नाही.

मी जिंकलो असतो. आप्पांचा फेटा माझ्या डोक्यावर आला असता. मग ते काय मागणार, ते सगळ्या गावाला माहीत होतं, आणि फेटा घातलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. मागायचा मान हरणाऱ्याचा. ही रीत माझ्या आज्याच्या आधीची आहे. मी ती शंभर वेळा पाहिली होती, पण तिचा उपयोग कशासाठी आहे, ते मला त्या दिवशी कळलं.

मी तीन राजे पालथे केले, गड्डीत सारले आणि वरून पिसून टाकले. म्हटलं, "पॅक."

क्षणभर कोणालाच कळलं नाही. मग आप्पांनी आनंदाने आपली पानं सुलटी आपटली. नव्व्यांची जोडी.

काय हशा पिकला म्हणून सांगू! पोरंसोरं लोळली. दगाभाऊने डोक्याला हात लावला. "जोडीला घाबरला! अरे, शो तरी मांगना व्हता ना, येड्या! टाकायचं तर पहिल्या फेरीत टाक म्हणून आम्हाला शिकवतोस, आणि स्वतः?"

मी उठलो. डोक्यावरचा फेटा सोडला. गुलाबी होता, अलकाच्या लग्नातला. तो आप्पांच्या डोक्याला बांधला, नीट, पीळ घट्ट, शेमला पाठीवर. डोक्यावरून वारा गेला तेव्हा कसं वाटलं, ते लिहून दाखवता येणार नाही. माझा बाप गेला तेव्हाच फक्त तसं वाटलं होतं. हलगी वाजायला लागली. आप्पांची मान इतकी ताठ झाली, की मला वाटलं मागे पडतात की काय.

मी हात वर केला. हलगी थांबली.

"निंबाचा शब्द," मी म्हटलं.

"माग, माग!" दगाभाऊ ओरडला. त्याला वाटलं, बैल धुवायला सांगतोय.

"आप्पा, माझी लेक इथंच राहील. आज नाही, उद्या नाही, तिला न्यायला पुन्हा कोणी यायचं नाही."

झोक्याचा रिकामा दोर करकरताना ऐकू आला. आप्पांनी भाऊबंदांकडे पाहिलं. भाऊबंद फेट्याकडे बघत होते. गाव आप्पांकडे बघत होतं. त्यांनी हात वर नेला, मला वाटलं फेटा काढून फेकतात. पण त्यांनी शेमला नीट केला. खाकरले.

"ठीक शे," म्हणाले. "शब्द दिधा."

आणि हलगीच्या तालावर ते जीपपर्यंत मिरवत गेले. त्यांच्या गावात, ऐकतो, ते अजून सांगतात की व्याह्याच्या गावात जाऊन फेटा जिंकून आणला. खरंच आहे की. जिंकलेला माणूस पुन्हा भांडायला येत नाही. हरून गेला असता तर दर आखाजीला जीप आली असती. पुढे सोडचिठ्ठीही बिनबोभाट झाली. आप्पांनी एक शब्द काढला नाही.

मी उघड्या डोक्याने घरी आलो. भर गावातून, मधल्या रस्त्याने, कडेने नाही. अलका माझ्या आधी पोचली होती. तिने पंचा माठातल्या पाण्यात बुडवला, पिळला, आणि माझ्या डोक्यावर ठेवला. पाणी कानामागून गळ्यात उतरलं. तिने डोक्यावरचे हात काढलेच नाहीत. आणि तेव्हा, पहिल्यांदा, तिचा श्वास चुकला.

"अण्णा, तीन राजे होते."

"होते."

बस, एवढंच. आजच्या सकाळपर्यंत त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही. दुसऱ्या वर्षी ती खापर घेऊन नाशिकला आली, एका खोलीत मांडे करायला लागली. तिची आई गेली तेव्हा मीही तिच्याकडे आलो. दगाभाऊ वर्षातून एकदा भेटायला येतो, मांडे खातो, आणि निघताना हटकून विचारतो, "खरं सांग, तुझ्या हातात काय व्हतं?"

मी म्हणतो, "टाकलेलं पान उलटायचं नसतं."

आज इथे लिहितो आहे, पण हरकत नाही. दगाभाऊला वाचता येत नाही आणि वाचून दाखवणाऱ्यावर तो विश्वास ठेवत नाही.

फेटा मी त्यानंतर घातला नाही. लोकांना वाटतं, लाजेने. वाटू द्या. उन्हाळ्यात ओला पंचा फेट्यापेक्षा बरा. आज सकाळीच पहिला मांडा पितरांना ठेवला, दुसरा मी खाल्ला. बागेतला तो मोबाइलवाला गडी बोलवायला आला होता, "बाबा, या की, बघत काय बसता, एक डाव टाका." मी काठी घेतली. अलकाने पिठाच्या हातानेच पंचा पिळला आणि माझ्या डोक्यावर नीट बसवला.

"अण्णा," ती खापराकडे वळत म्हणाली, "आज राजे आले तर?"

"आले तर खेळेन," मी म्हटलं. "आता मला कोणाकडे काही मागायचं नाही."